तिकीट मोप्याचं, उतरायचं बेंगळूरला

खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो.

‘स. न. वि. वि. माझी लेक बेंगळूरला नोकरीला आहे. ट्रेनिंगसाठी ती दिल्लीला गेलीय. परतीचं तिकीट तिने काढायचं आणि ऑफिस आठ हजारांपर्यंत बिल देणार, असं ठरलंय. शुक्रवारचं दिल्ली–बेंगळूर थेट विमान ९,४०० रुपये दाखवतंय. त्याच कंपनीचं, बेंगळूरपर्यंत त्याच विमानाने येऊन पुढे विमान बदलून मोप्याला, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळावर, जाणारं तिकीट मात्र ६,८०० ला आहे. लेक म्हणते, मोप्याचं काढते आणि बेंगळूरला उतरून घरी जाते. जावई म्हणतात, यात कंपनीचं नुकसान होतं, त्या केस घालतात. लेकीचं म्हणणं, सीट रिकामी राहिली तर त्यांचंच पेट्रोल वाचतं, नुकसान कसलं? दोन दिवस घरात हाच वाद चाललाय. खरं काय? शिवाय डिसेंबरात आम्हा दोघांना भाच्याच्या लग्नाला दिल्लीला जायचंय. मोपा–बेंगळूर–दिल्ली तिकीट थेट बेंगळूर–दिल्लीपेक्षा स्वस्त आहे. ते काढून, आधी लेकीकडे चार दिवस राहून, बेंगळूरलाच विमानात चढलो तर चालेल का?’

गुरुजी,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे बुडाले तर तुमचेच पैसे बुडतील. तो बेत सोडून द्या. एका तिकिटावर दोन सेक्टर, म्हणजे प्रवासाचे दोन टप्पे, असले की ते क्रमानेच वापरावे लागतात. मोप्याच्या विमानात तुम्ही बसला नाहीत की तुमच्या नावापुढे ‘नो-शो’ पडतो आणि त्याच पीएनआरमधला पुढचा सगळा प्रवास रद्द होतो. बेंगळूरच्या काउंटरवर तुम्ही दोघं आहेराच्या पिशव्या घेऊन उभे राहाल आणि समोरची मुलगी सांगेल, तुमचं तिकीट आता चालू नाही. मग दिल्लीचं नवं तिकीट त्या घटकेच्या भावाने घ्यायचं, तेही लग्नसराईत. आधीच्या तिकिटातून हाती येतील ते कर आणि विमानतळाची शुल्कं. प्रवास झाला नाही तरी सरकारी कर, यूडीएफ (विमानतळ वापरायचं शुल्क) वगैरे कंपनीने परत द्यायचं, मूळ भाडं नॉन-रिफंडेबल असलं तरी, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. पण ते मागून घ्यावं लागतं, आपणहून क्वचितच येतं. थोडक्यात, शेवटचा तुकडा सोडता येतो, पहिला नाही. जाण्यायेण्याचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर जातानाचा कुठलाही तुकडा सोडला की येण्याचंही बहुधा गेलं.

आता घरातला वाद. आधी ६,८०० आणि ९,४०० हे उलटं गणित कसं जमतं ते बघू, नाहीतर नुकसान कशाचं हेच कळणार नाही.

आपल्याकडे हा प्रकार रेल्वेने शिकवलाय. बेंगळूरहून येताना राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचा बेळगावचा कोटा संपला की लोक मिरजेचं तिकीट काढतात आणि बेळगावला उतरतात. टीसी काही म्हणत नाही, रिकामा बर्थ आरएसीवाल्याला देतो. यात कुणाला काही खटकत नाही, कारण रेल्वेचं भाडं किलोमीटरवर आहे. मिरज लांब म्हणून मिरजेला जास्त पैसे. उतरणारा माणूस जास्तच देऊन गेलेला असतो. विमानाचं भाडं किलोमीटरवर नसतं. ते ‘कुठून कुठे’ या जोडीवर ठरतं आणि प्रत्येक जोडी हा वेगळा बाजार. दिल्ली–बेंगळूर हा ऑफिसवाल्यांचा बाजार: शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचायचंच असतं, बिल बहुधा दुसरं कुणी भरतं, म्हणून भाव चढा. दिल्ली–गोवा हा सहलीचा बाजार. तिथे बऱ्याच कंपन्यांची थेट विमानं आहेत, गिऱ्हाईक आठवडाभर पुढेमागे सरकायला तयार असतं. बेंगळूरला थांबून, विमान बदलून, दोन-तीन तास जास्त घालवून जाणारं तिकीट तिथे खपवायचं तर ते थेट विमानापेक्षा स्वस्तच ठेवावं लागतं. म्हणजे ६,८०० ही दिल्ली–गोवा बाजाराची किंमत आहे, दिल्ली–बेंगळूरची नव्हे. एकाच विमानात शेजारी-शेजारी बसलेले दोघं दोन वेगळ्या बाजारांतून आलेले असतात, एवढंच.

हा स्वस्त भाव गळू नये म्हणून कंपन्या एक कुलूपही लावतात. तिकीट एजंट त्याला ‘मॅरीड सेगमेंट’, म्हणजे लग्न लागलेले तुकडे, म्हणतात. स्वस्त वर्गातली सीट दिल्ली–बेंगळूर–मोपा अशी जोडीने मागितली तरच दिसते, नुसतं दिल्ली–बेंगळूर मागितलं तर तो वर्ग संपलेला. तुमची लेक करू पाहतेय तो या लग्नाचा परस्पर घटस्फोट.

हे सगळ्याच मार्गांवर दिसत नाही, हेही सांगायला हवं. दोन सेक्टरचं तिकीट बहुतेक वेळा थेटपेक्षा महागच असतं. सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या विमानतळाच्या, बाबतीत तर असा योग क्वचितच. इथे येणाऱ्या एटीआर या छोट्या विमानात ७८ आसनं, छोट्या एम्ब्रेअरमध्ये ५०, आणि दिवसाला मोजकी विमानं. शेवटच्या तुकड्यावर सीटच कमी, स्पर्धाही कमी, मग भाव पाडायचा कशाला? हैदराबाद किंवा बेंगळूरला उतरायचं ठरवून बेळगावपर्यंतचं तिकीट काढणाऱ्याला बहुधा वर पैसे मोजावे लागतील. गोवा तेवढा वेगळा.

आता नुकसान. लेकीचं पेट्रोल आधी तपासू. उडत्या विमानात नेलेल्या प्रत्येक जादा किलोसाठी तासाला साधारण तीन-चार टक्के वजनाइतकं इंधन जळतं. माणूस आणि त्याची बॅग मिळून ९० किलो धरा. बेंगळूर–मोपा हवेतला वेळ जेमतेम तासाभराचा. म्हणजे वाचलेलं इंधन तीन-साडेतीन किलो, लिटरमध्ये चार-साडेचार. रुपयांत ते काही शेकड्यांच्या पुढे जात नाही. बरं, लेक येणार नाही हे कंपनीला आधी ठाऊक नसतं, इंधन तर भरून झालेलं असतं. तेव्हा पेट्रोल वाचतं हे खरं, पण त्यावर वाद जिंकण्यासारखं काही नाही.

दुसरी बाजू हिशेबाच्या वहीची. तिकिटाचे सगळे ६,८०० कंपनीकडे आधीच जमा आहेत. तिकिटाच्या प्रत्येक सेक्टरला एक कूपन असतं आणि प्रवास झाला की त्या कूपनाच्या वाट्याचे पैसे उत्पन्नात धरले जातात. समजायला सोपं म्हणून अंतरावर वाटणी करू. दिल्ली–बेंगळूर सुमारे १,७०० किलोमीटर, बेंगळूर–मोपा सुमारे ५००. मग पहिल्या कूपनाला अंदाजे ५,२५० आणि दुसऱ्याला १,५५० रुपये. लेक बेंगळूरला उतरली की ५,२५० लगेच उत्पन्नात जातात. उरलेले १,५५०, परत द्यायचे कर सोडून, कधीतरी ‘न वापरलेलं तिकीट’ म्हणून कंपनीच्याच खात्यात. गल्ल्यातून एक पैसा बाहेर जात नाही. चोरी म्हणण्यासारखं इथे काही नाही.

मग कंपन्या ओरडतात कशासाठी? २,६०० रुपयांसाठी, म्हणजे ९,४०० आणि ६,८०० यांमधल्या फरकासाठी. त्यांचं म्हणणं, ही बाई खरं तर दिल्ली–बेंगळूरची गिऱ्हाईक होती, तिच्याकडून ९,४०० यायला हवे होते. हे नुकसान खरं की कागदी, ते एका प्रश्नावर ठरतं: मोप्याचं तिकीट दिसलंच नसतं तर लेकीने काय केलं असतं? त्याच कंपनीचं ९,४०० चं घेतलं असतं तर २,६०० बुडाले. दुसऱ्या कंपनीचं आठ हजारांचं घेतलं असतं, किंवा सरळ राजधानी एक्स्प्रेसमध्ये बसली असती, तर कंपनीला मिळालेले ६,८०० उलट वरकमाई. ऑफिसची मर्यादा आठ हजार आहे म्हणता, तेव्हा ९,४०० चं तिने निमूटपणे घेतलं असतं असं छातीठोक सांगता येत नाही. कंपनी मात्र हिशेब मांडताना प्रत्येक वेळी पूर्ण २,६०० धरते. तिथे आम्ही जावयांच्या बाजूने नाही.

पण रिकाम्या सीटच्या मुद्द्यावर आहोत, निदान काही दिवशी. शहापूरच्या खडेबाजारात साडीवर ब्लाउजपीस फुकट आहे आणि तुम्हाला तो नको. तुम्ही तो दुकानातच ठेवून आलात तर दुकानदार खूश, कारण तोच पीस तो पुन्हा विकेल. विमानातली सीट अशी परत दुकानात जात नाही. लेक काही न सांगता निघून गेली तर ती सीट दार बंद होईपर्यंत तिच्याच नावावर अडकलेली असते आणि दार बंद झालं की संपली. मंगळवारी दुपारी अर्धं विमान रिकामं असेल तर याने काहीच फरक पडत नाही, चाळीसातली एक आणखी रिकामी. पण शुक्रवारी संध्याकाळी गोव्याकडे जाणारं विमान भरलेलं असतं. शेवटच्या दिवशी कुणी सात हजार द्यायला तयार होता आणि त्याला ‘फुल’ सांगून परत पाठवलं गेलं असेल, तर तो तोटा खरा. सातच्या सात हजारांचा. आणि कंपनीइतकाच त्या माणसाचाही.

यावर कंपन्यांनी तोडगा काढलेला आहे आणि त्यात तुमच्या लेकीसारखी माणसं आधीच मोजलेली आहेत. कुठल्या वारी, कुठल्या विमानाला किती जण येत नाहीत याची वर्षानुवर्षांची नोंद असते आणि तेवढ्या सीट जास्त विकल्या जातात. त्याला ओव्हरबुकिंग म्हणतात. अंदाज चुकून सगळेच आले तर कुणाला तरी खाली ठेवावं लागतं. तासाभरात दुसरं विमान देता आलं नाही तर नियमाप्रमाणे भरपाई द्यावी लागते: २४ तासांच्या आत पोचवणारं पर्यायी विमान दिलं तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये, त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. मधेच उतरणारे अधूनमधून आणि ठरावीक प्रमाणात असले तर गणितात मुरून जातात. एखाद्या मार्गावर ते अचानक वाढले तर गणित विस्कटतं.

आणखी एक खर्च असतो तो गेटवरचा, आणि त्यात बॅगेचा संबंध आला की मामला गंभीर होतो. लेकीचा बोर्डिंग पास दोन्ही सेक्टरचा निघालेला असतो. बेंगळूरला मोप्याच्या गेटवर ती आली नाही की नावाचा पुकारा होतो, शेवटचा पुकारा होतो, कर्मचारी आसपास शोधतात. सुटायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी गेट बंद करून तिला यादीतून काढतात आणि लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा तक्ता, दुरुस्त करतात. मोठ्या विमानात एका माणसाने काही बिघडत नाही. एटीआरमध्ये कोण पुढे आणि कोण मागे बसलंय यालाही महत्त्व असतं, म्हणून तिथे माणसं पुन्हा मोजतात. इथपर्यंत पाच-सात मिनिटांचा त्रास. पण तिने चेक-इन बॅग दिली असेल तर ती बॅग विमानात ठेवून उडता येत नाही. लोडर होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात, शिरतो, टॅगचा नंबर जुळवत बॅगा उपसतो आणि ती एक खाली काढतो. दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. त्या विमानाचं पुढचं उड्डाण उशिरा, त्याच्या पुढचंही.

हा नियम कडक व्हायला कारण घडलंय. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बने फुटलं, ३२९ माणसं गेली. तो बॉम्ब ज्या बॅगेत होता ती व्हँकुव्हरला चेक-इन झाली होती आणि तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. म्हणून माणूस नाही तर बॅगही नाही. याबाबत कुणाशी हुज्जत घालू नये.

राहिला लांबचा हिशेब. हजारो लोकांनी हेच सुरू केलं तर कंपनी ९,४०० खाली आणणार नाही, ६,८०० वर नेईल. किंवा बेंगळूरमार्गे गोवा विकणंच बंद करेल. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००१ मध्ये हा प्रश्न तपासला होता. मधे उतरायची मुभा द्या अशी सक्ती केली तर काही मार्गांवर भाडी वाढतील, सेवा कमी होईल, असाच त्यांचा सूर होता. झळ बसते ती थेट विमान न परवडणाऱ्या आणि खरोखरच शेवटच्या गावाला जाणाऱ्या माणसाला. आमच्या मते नैतिक प्रश्न असलाच तर इथे आहे, कंपनीच्या २,६०० मध्ये नाही.

जावयांच्या केसबद्दल. मधेच उतरणं हा फौजदारी गुन्हा नाही. तो करारातल्या अटीचा भंग आहे. जवळपास प्रत्येक कंपनीच्या अटींत असतं की तिकीट पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत क्रमाने वापरायचं, नाहीतर भाडं पुन्हा मोजू. केस झालेल्या आहेत, पण जावई समजतात तशा नाहीत. लुफ्तान्साने एका प्रवाशावर बर्लिनच्या कोर्टात दावा लावला. त्याने ओस्लोहून फ्रँकफर्टमार्गे सिअ‍ॅटल आणि परत असं साधारण ६५७ युरोंचं तिकीट काढलं, येताना फ्रँकफर्टला उतरून शेवटचा ओस्लोचा तुकडा सोडला आणि वेगळ्या तिकिटाने बर्लिनला गेला. कंपनीने २,११२ युरो मागितले. डिसेंबर २०१८ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला, कारण जादा भाडं कसं मोजणार हे अटींत स्पष्ट नव्हतं. कंपनीने वर अपील केलं. अमेरिकेत खटले झाले ते मुख्यतः अशी तिकिटं शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या वेबसाइटवर. युनायटेडने २०१४ मध्ये लावलेला दावा शिकागोच्या कोर्टाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर काढून टाकला. अमेरिकन एअरलाइन्सच्या दाव्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युरीने ९४ लाख डॉलर द्यायला सांगितले, पण तो निकाल प्रामुख्याने कंपनीचं बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरल्याबद्दलचा होता.

एकट्यादुकट्या प्रवाशाला कंपनी कोर्टात नाही, काउंटरवर गाठते. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडात एका किशोरवयीन मुलाला पहिल्याच विमानतळावर अडवलं गेलं. तिकीट शार्लटमार्गे न्यूयॉर्कचं आणि ओळखपत्र शार्लट ज्या राज्यात आहे तिथलं, त्यामुळे संशय आला. तिकीट रद्द झालं आणि घरच्यांना थेट तिकीट घ्यावं लागलं. तुमच्या लेकीच्या आधारवर पत्ता खानापूरचा असेल तर मोप्याचं तिकीट उलट शोभूनच दिसेल! पण हाच खेळ पुन्हा पुन्हा केला आणि प्रत्येक वेळी फ्रिक्वेंट फ्लायर नंबर (नेहमीच्या प्रवाशाला पॉइंट देणाऱ्या खात्याचा) घातला, तर कंपनीला एका क्लिकवर यादी मिळते. पॉइंट गोठवणं, खातं बंद करणं हे त्यांच्या हातात असतं.

एवढं ऐकूनही लेकीला तेच करायचं असेल, तर कुठे अडकते ते तिला माहीत हवं.

सगळ्यात आधी बॅग. चेक-इन बॅग दिली की तिच्यावर शेवटच्या गावाचा टॅग लागतो. मोप्याचं कोड जीओएक्स, गोव्यातल्याच जुन्या दाबोळी विमानतळाचं जीओआय, बेंगळूरचं बीएलआर. टॅगवर जीओएक्स छापलं की बॅग मोप्याला निघाली, बेंगळूरच्या पट्ट्यावर ती येणार नाही. ‘बीएलआरपर्यंतच लावा’ म्हटलं तर काउंटरवर बहुधा नकार मिळतो आणि बेत उघडा पडतो तो वेगळाच. म्हणून फक्त सात किलोंची हातातली बॅग, तीही सीटखाली मावेल अशी. शुक्रवारची विमानं भरलेली असतात, वरचे कप्पे भरले की शेवटी येणाऱ्यांच्या बॅगा गेटवरच टॅग करून होल्डमध्ये टाकतात. त्यावरही जीओएक्सच. तेव्हा रांगेत लवकर उभं राहायचं आणि लॅपटॉप, घराच्या किल्ल्या, औषधं, ओळखपत्र एका वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवायचं.

मग विमान कोणतं ते पाहायचं. काही विमानं बेंगळूरला थांबून तीच पुढे जातात. पुढच्या प्रवाशांनी सीटवरच बसायचं असतं आणि कर्मचारी माणसं मोजतात. तिथे एक कमी भरला की कुणाची बॅग राहिली का म्हणून सगळं विमान तपासलं जातं आणि दीडशे माणसं तुमच्या लेकीची वाट बघत बसतात. असलं तिकीट या कामाला घ्यायचंच नाही. तुमच्या पत्रात विमान बदलण्याचा उल्लेख आहे, पण तिकिटावर दोन वेगळे फ्लाइट नंबर आहेत का तेवढं पाहून घ्या.

सर्वांत मोठा धोका मात्र तिच्या हातातच नाही. धुकं, तांत्रिक बिघाड, उशीर, काहीही झालं की कंपनीचं वचन ‘दिल्ली ते मोपा’ एवढंच असतं. बेंगळूर मधे यावंच असं काही बंधन नाही. पहिलं विमान रद्द झालं तर कर्मचारी तिला मोठ्या आपुलकीने दिल्ली–मोपा थेट विमानात बसवतील, वरून सांगतील की मॅडम, तुम्ही दोन तास लवकर पोचाल. तिथे ‘मला बेंगळूरलाच जायचं होतं’ म्हणण्याची सोय नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात हा प्रसंग काही दुर्मीळ नाही.

मोप्याचा सेक्टर आधीच फोन करून रद्द करू नका. पहिला प्रवास व्हायच्या आत तिकिटाला हात लावला की नवं भाडं मोजलं जातं आणि ते ९,४०० च्या घरात जातं. बेंगळूरला उतरल्यावर मात्र ट्रान्सफरच्या काउंटरला किंवा गेटवर ‘मी पुढे येत नाही, बॅग दिलेली नाही’ एवढं सांगून जावं असं आमचं मत. पुकारे वाचतात आणि विमान भरलेलं असेल तर सीट कुणाला तरी मिळते. फरक मागितला तर मागोत. पण आजारपणाची थाप मारू नये. आणि न वापरलेल्या तुकड्याचे कर परत मागायच्या फंदात पडू नये. ट्रान्सफरच्या प्रवाशाला बेंगळूरची बरीच शुल्कं मुळात लागतच नाहीत, हाती येणारी रक्कम किरकोळ असते.

परदेशच्या तिकिटाला यातलं बरंचसं वेगळं लागू होतं. एकच सांगतो: चेक-इनला शेवटच्या देशाचा व्हिसा बघतात. दुबईला उतरायचं म्हणून दुबईमार्गे लंडनचं तिकीट काढलंत आणि ब्रिटनचा व्हिसा नसेल, तर इथूनच परत.

आता तुमच्या लेकीची खरी अडचण, जी पत्रात आहे पण तुम्ही विचारलेली नाही. बिल ऑफिस देणार आहे. इनव्हॉइसवर दिल्ली–मोपा छापलेलं असेल, बोर्डिंग पास दिल्ली–बेंगळूरचा एकच वापरलेला, आणि तारीख शुक्रवारची. अकाउंट्सवाला विचारणारच, ट्रेनिंग संपवून गोव्याला कशाला? काही ऑफिसांत बोर्डिंग पास जोडल्याशिवाय बिल पास होत नाही. १,४०० रुपये खिशातून जाऊ नयेत म्हणून ६,८०० चं बिल अडकवून घेणं हा शहाणपणाचा सौदा नव्हे. तिने साहेबांना आधी विचारावं: शनिवारी सकाळचं थेट विमान आठ हजारांच्या आत आहे का, आणि एक रात्र दिल्लीत काढली तर चालेल का? पुष्कळदा शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ यांत एवढाच फरक असतो.

किंवा साहेबांना स्पष्ट सांगावं की शनिवार-रविवार गावी जाते, थेट बेंगळूरपेक्षा हे तिकीट २,६०० ने स्वस्त आहे, आणि मोप्याचं तिकीट शेवटपर्यंत वापरावं. मोप्याला उतरलं की साखळी, चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी करत ती तुमच्याच तालुक्यात येते. मोप्याला तिची वेळ रात्रीची असेल तर घाट अंधारात करू नका, रात्र गोव्यात काढून सकाळी निघा. रविवारी बेळगावहून राणी चन्नम्माने बेंगळूर गाठून सोमवारी ऑफिसला हजर. त्या गाडीचं तिकीट आजच काढायला सांगा, रविवारचा बेळगावचा कोटा लवकर संपतो.